भुरीबाईच्या पदराची गाठ

प्रेमचंदचा फोन आला तेव्हा मी गावी, कळसाडीत, ओट्यावर विळ्याला धार लावत होतो.

"आप्पा, तुम्हनी बाई आवरा."

"कोन बाई?"

"भुरीबाई, आखो कोन? मॅडमना माल बिघडी ऱ्हायना. सर म्हनतस, काढी टाका तिले. तुम्हीच लाई दिधं व्हतं ना? या आन लई जा."

प्रेमचंद शहाद्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. भुरीबाई तिथे भांडी घासते, कंत्राटावर. तिला लावताना मी शब्द दिला होता की बाई कामाला खरी आहे. असा शब्द मी फार लोकांसाठी दिलेला नाही. विळा आत ठेवला, चपला घातल्या आणि मिळाली त्या एसटीने शहाद्याला निघालो.

वाटेत एकच विचार होता. कोण कोणाला अडकवतंय?

भुरीबाई कोण, ते आधी सांगतो.

मी साखर कारखान्यात पॅनवर होतो. पॅन म्हणजे खोलीएवढं भांडं. त्यात उसाच्या रसाचा पाक आटतो आणि दाणा धरतो. दाणा बघणारे वेगळे, मी पॅन धुणारा. वाफ सोडायची, थंड होऊ द्यायचं, आत उतरायचं, घासायचं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. त्यामुळे कोण घासतो आणि कोण नुसता हात फिरवतो, हे मला लांबून कळतं.

कारखान्यामागे ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडायच्या. धडगावकडच्या डोंगरातली पावरा माणसं तिथे उतरायची. एका हंगामात एक बाई दिसली. पहाटे ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून आलेली. बाकीच्या जमिनीला पाठ टेकत होत्या. ही मात्र उकिडवी बसून ॲल्युमिनियमचं पातेलं घासत होती. पातेलं चुलीवरचं, बुडाने काळं. तिने ते आरशासारखं करूनच उचललं. कशाने घासत होती ते मी पाहिलं नाही. हात पाहिले. खांद्यापासून चालत होते.

ती भुरीबाई.

पुढे तिचा नवरा दिवाल्या यायचा बंद झाला. ती एकटीच यायची. मी विचारलं नाही, पण अशा गोष्टी आपोआप कानावर येतात. गावात शेजाऱ्याचे बैल मेले होते, पाठोपाठ त्याची सूनही आजारी पडली. लोकांनी हिच्याकडे बोट केलं. चावडीपुढे उभं करून पदराची गाठ सोडायला लावली. गाठीत मोहाच्या बिया होत्या, तेलाला जमवलेल्या. लोक म्हणाले, हीच करणी. तिला डाकीण ठरवलं आणि घराबाहेर काढलं. दिवाल्या गावातच राहिला. त्याने तिला डाकीण म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

ती शहाद्याला आली आणि गोमाई नदीच्या काठच्या वस्तीत खोली धरली. गेल्या दिवाळीनंतर कॉलेजात भांडी घासायला बाई हवी होती. मी शब्द दिला.

कॉलेजात पोचलो. प्रेमचंद दारातच उभा होता.

"उनात का? बरं व्हयनं. मॅडमले भेटी ल्या पहिले."

मॅडम म्हणजे गायत्री. वय तिशीच्या आतलं. नंदुरबारची मुलगी, इथेच पीएच.डी. करते. मी गेलो तेव्हा ती काचेच्या नळीतून एक औषध थेंबथेंब एका भांड्यात सोडत होती. माझ्याकडे पाहिलं, मानेने बसा म्हटलं, पण नळीवरचा हात काढला नाही. थेंब संपेपर्यंत मी बसलो आणि ती उभीच राहिली. एवढं बघून मी ठरवलं की ही पोरगी कामचुकार नाही. पण कामसू माणूस खोटं बोलत नाही असं थोडंच आहे.

"काका, तुम्ही भुरीमावशींचे कोण?"

"कोणी नाही. शब्द दिलाय."

तिने समजावून सांगितलं. पदार्थाचं नाव टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. ही त्याची अतिशय बारीक भुकटी बनवते, इतकी की एकेक कण कुठल्याही साध्या भिंगातून दिसू नये. आधी खिरीसारखं दाट होतं. ते वाळवायचं, खलात कुटायचं आणि भट्टीत तापवायचं. भट्टीत गेलं की कण रांगेत बसतात, स्फटिक बनतो.

"रांगेत बसायच्या दोन तऱ्हा आहेत," ती म्हणाली. "एक ॲनाटेज, दुसरी रुटाईल. मला पहिली हवी. जास्त तापलं की पहिली मोडून दुसरी होते. मग ती पुन्हा पहिली होत नाही."

"गूळ करपतो तसं."

"करपत नाही, काका. दिसायला जवळजवळ पांढरंच राहतं. म्हणून तर डोळ्यांना कळत नाही."

डोळ्यांना न कळणाऱ्या गोष्टीवर मी कोणाला कामावरून जाऊ देत नाही. तसं तिला म्हणालो. तिने मला गच्चीवर नेलं.

गच्चीवर उन्हात काचेच्या बाटल्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत नीळ घातल्यासारखं पाणी. एकीत दिवाळीआधी केलेली भुकटी टाकलेली, एकीत आताची. ऊन लागलं की ही भुकटी पाण्यातला रंग तोडते, असं ती म्हणाली. कापड रंगवणाऱ्यांचं घाण पाणी साफ करायला उपयोगी पडेल. आम्ही चहा पिऊन परत गेलो, तोवर जुन्या भुकटीची बाटली बरीच उजळली होती. नवीची तशीच निळी. आता डोळ्यांना कळलं.

"पहिली तऱ्हा मोडायला सातशेच्या पुढे तापायला हवं," गायत्री म्हणाली. "माझी भुकटी साडेपाचशेलाच मोडते. जळगावला विद्यापीठात तपासून घेतलं. अर्धी रुटाईल निघते. भट्टी तपासली, ठीक आहे. औषधाची बाटली नवी आणली, तरी तेच. दिवाळीपर्यंत सगळं नीट येत होतं."

"दिवाळीनंतर काय बदललं?"

तिने निळी बाटली उन्हात सरकवली. मग म्हणाली, "मला कोणावर आळ घ्यायचा नाही. पण बदललं ते एकच."

भुरीबाई दिवाळीनंतर आली होती.

मला उत्तर माहीत आहे असं वाटलं. कारखान्यात पॅन नीट धुतला नाही आणि जुना दाणा तळाशी राहिला, की नवा पाक त्याच्याच मागे जातो. नको तिथे, नको तेवढा दाणा धरतो. आम्ही त्याला खोटा दाणा म्हणायचो आणि शिव्या खायचो. मी गायत्रीला विचारलं, तुमच्या भांड्यात जुनं काही राहत असेल का?

"राहू शकतं. रुटाईलचे जुने कण राहिले तर नवे त्यांच्यावर वाढू शकतात." ती माझ्याकडे जरा नीट बघायला लागली.

म्हणजे भुरीबाई घासत नव्हती. मला चीड आली. चोरी केली असती तर एवढी आली नसती.

ती मागच्या मोरीवर होती. मला बघून पदर सावरला.

"आप्पा! तुम्ही आठे?"

"भुरी, भांडा घासस का त्यासना लाड करस?"

ती हसली नाही. चिनीमातीचा पांढरा खल माझ्यापुढे धरला. "आखो काय घासू? देखा."

मी खल उजेडाकडे तिरका केला. तळाला पुसटसा पांढरा थर होता. पांढऱ्यावर पांढरा, पण होता.

"हाई काय शे?"

तिने पाहिलं. तिचं तोंड उतरलं. आमच्याकडे एखाद्या बाईच्या ताटात कालचं शीत निघालं तर जसं उतरतं तसं.

"मॅडमनी भुकटी शे. चिटकस. साबणघाई नही जास."

"जायले पाहिजे. काय करनं ते कर. खरवडी काढ."

"जाई," ती म्हणाली. "मी काढसू."

मी कळसाडीला परत आलो. मनात म्हटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढच्या खेपेचा निकाल आला आणि प्रेमचंदचा पुन्हा फोन. माल आधीपेक्षा वाईट निघाला होता. पहिली तऱ्हा थोडीच उरली होती. सरांनी सोमवारी बोलावलं होतं, मलाही.

सोमवारी मी लवकर गेलो. प्रेमचंदने मला कॅन्टीनला नेलं. तो चहा पाजतो म्हणजे काहीतरी सांगायचं असतं.

"आप्पा, तुम्हनी बाई पदरमा काहीतरी बांधी लई येस."

"काय?"

"लाल भुकटी. मी देखं शे. मोरीना दरवाजा लावी लेस आन मंग सोडस. कोनी उनं का पटकन गाठ मारस."

"तू विचारं का तिले?"

"मी काबरं विचारू? माले भ्याव वाटस."

"कसानं भ्याव?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तिले गावमातून काबरं काढेल शे, ते तुम्हले माहीत शे. माले बी माहीत शे. मी करनी म्हनत नही. पन लाल भुकटी, दार लावनं, आन माल बिघडनं..."

"तू बी.एस्सी. शे ना रे?"

"बी.एस्सी. शे म्हनीसन काय डोळा फुटनात मन्हा? आन आखो एक. तिले धुवानी पावडर दिधेल शे. डबा तसाच भरेल शे. पंधरवडाभर कमी नही व्हयना. मंग ती धोस कसाघाई?"

पावडर वापरत नाही, दार लावते, लाल काहीतरी बांधून आणते. मी प्रेमचंदकडे पाहिलं. त्याची भाची काम शोधत होती, हेही मला माहीत होतं. त्याच्या बोलण्यातून भाची वजा केली तरी डबा उरत होता.

"हाई गोष्ट कोनाले सांगी तू?"

"सरसले सांगी. मॅडमले बी. सांगनी पडस ना?"

म्हणजे गावात झालं तेच इथे होणार होतं. फक्त चावडीच्या जागी लाकडी खुर्च्या. भुरीबाईचं काम जाईल हे एक. पण तिथून बाहेर पडताना तिच्या मागे तेच नाव लागेल आणि गोमाईकाठची वस्ती काही मोठी नाही. मग ती कुठे जाणार? डोंगरात परत जाता येत नव्हतं.

आणि तरी माझ्याही मनात होतं की गाठीत काहीतरी आहे.

हेमकांत सर विभागप्रमुख. माणूस मऊ, आवाज न चढवणारा. प्रयोगशाळेतच सगळे जमलो. सर, गायत्री, प्रेमचंद, मी. भुरीबाई मोरीच्या दाराशी उभी.

"मावशी, बसा," सर म्हणाले. ती बसली नाही.

"हे बघा, कोणी तुमच्यावर आळ घेत नाहीये. पण रोज पदरात काहीतरी आणता असं कळलं. ते दाखवा, विषय संपला."

भुरीबाईचा हात गाठीवर गेला आणि मूठ वळली.

"नही."

"अहो, नुसतं दाखवायचं आहे."

"मी चोर नही शे. बाहेरथून लयेल शे. आठलं काहीच नही लिधं मी."

"तेच तर! बाहेरून काय आणता?"

तिची नजर प्रेमचंदकडे गेली. त्याने आपली भिंतीकडे फिरवली.

गायत्री पुढे झाली. थकलेली दिसत होती. "मावशी, माझं सगळं काम अडकलंय हो. तुम्ही काही टाकत असाल, चुकून, तर सांगा. मी रागावणार नाही."

"मी काहीच नही टाकं तुम्हना मालमा. मी हात बी नही लावत. मी भांडा घासस."

"पावडरीचा डबा भरेल शे," प्रेमचंद भिंतीला म्हणाला.

सर माझ्याकडे वळले. "आप्पा, तुम्हीच समजवा. नाहीतर मला आजच हिशेब करून पाठवावं लागेल."

भुरीबाई माझ्याकडे बघत होती. "आप्पा, तुम्ही बी म्हनतस का? सोड म्हनतस?"

सोड म्हणणं सोपं होतं. ती एकदा सगळ्यांसमोर सोडून बसली होती, आणि बिया निघाल्या तरी करणीच ठरली होती. इथे काहीही निघालं तरी प्रेमचंदकडे त्याला करणी हे नाव तयारच होतं. आणि मी नको सोडू म्हणालो असतो तर माझा शब्द आंधळा ठरला असता.

"मी सोड नही म्हनत," मी म्हणालो. "मी म्हनस, घास. तो खल शे. रोज जसा घासस तसा घास. आमले देखू दे."

सर म्हणाले, "त्याने काय होणार?"

"काम बघू. दुसरं मला काही बघता येत नाही."

गायत्रीने वापरलेला खल उचलून तिच्या हातात दिला. भुरीबाई मोरीवर गेली, उकिडवी बसली, नळ सोडला. आधी खल विसळला. नारळाचा काथ्या एकदा आतून फिरवला. मग तिरका करून उजेडात पाहिला, मी पाहिला होता तसाच. थर होता. ती थांबली. आम्ही चौघेही थांबलो होतो.

तिला तो थर ठेववेना. पदराची गाठ तिने कोणाकडे न बघता सोडली, जशी बाई स्वयंपाकघरात कोणी नसताना सोडते. आत कागदाची पुडी. पुडीत लाल भुकटी. चिमूटभर काथ्यावर घेतली आणि हात चालू झाला. खांद्यापासून. खल मांडीत आवळून, अंगाचा भार देऊन, गोल, मग उलट गोल. पाणी शिंपडून पुन्हा चिमूट. कारखान्यात माझ्या हाताखाली असं घासणारा एकही आला नाही. लाल पाणी मोरीतून वाहिलं. तिने खल तीन वेळा धुतला, पदराने पुसला आणि गायत्रीपुढे धरला.

पांढरा थर गेला होता.

"कसानी भुकटी शे?" मी विचारलं.

"ईट," ती म्हणाली. "भट्टीनी पक्की ईट. कुटस, फडकामाथून गाळस. आम्हना आठे भांडा असाच घासतस. तुम्हनी पावडरघाई फेस व्हस, भांडं साफ नही व्हस."

"मंग लपाडस काबरं?"

"पहिला दिन लई उनू तैं यास्नी देखं," तिने हनुवटीने प्रेमचंदला दाखवलं. "हासना. म्हने, जंगलना लोके, कॉलेजमा ईट लई येतस."

प्रेमचंद म्हणाला, "मी मस्करी करी व्हती. माले वाटनं मंग तिनी लयनं सोडी दिधं. ती लाल भुकटी हाईच शे, माले काय सपन पडनं?"

गायत्री काही ऐकत नव्हती. तिने पुडीतली भुकटी बोटांत चोळली. मग खलाच्या आत बोट फिरवलं, वर धरलं. बोटाला लाली नव्हती. तिने ओला कापूस घेतला, खलाच्या तळावर दाबून रगडला. कापूस फिकट गुलाबी झाला. खलाचं आतलं अंग गुळगुळीत नसतं, कुटायला खरखरीत ठेवलेलं असतं. त्या बारीक खाचांत भुकटी जाऊन बसली होती.

"काका, वीट लाल कशाने असते?"

"मातीने."

"आणि माती?"

मला माहीत नव्हतं.

"लोखंडाने," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "लोखंडाचे कण मिसळले की रुटाईल आधीच व्हायला लागतं. कमी तापावर. मी भट्टी बदलली, बाटल्या बदलल्या. आणि मी हातानं कुटून कुटून वीट आत मिसळत होते. गेला माझा हिवाळा."

"पण हा शोध झाला की," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "छापता येईल?"

"नाही सर. लोखंडाचं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या खलात आहे, एवढंच मला माहीत नव्हतं."

मी गणित जुळवलं. भुरीबाई आली, विटेने घासायला लागली, माल बिघडला. मी खरवड म्हणालो, ती दुप्पट घासायला लागली, माल आणखी बिघडला.

"मंग मी काय म्हनी ऱ्हायंतू?" प्रेमचंद म्हणाला. "ती काहीतरी टाकस, म्हनंच व्हतं ना मी?"

आणि तो बरोबर होता, हीच अडचण होती.

भुरीबाईला अर्धं कळलं होतं. तिने गायत्रीला विचारलं, "म्हनजे मीच बिघाडं?"

गायत्रीने खोटी समजूत घातली नाही. "हो मावशी. तुमच्या विटेने."

"जानीबुजीसन?"

"नाही."

"मंग हाई त्याले सांगा. आठेच सांगा. जानीबुजीसन नही आन करनी नही."

खोलीत तो शब्द पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने बोललं. सर चमकले. कोणी करणी म्हटलं, असं विचारायला लागले. गायत्री प्रेमचंदकडे वळली. "प्रेमचंदभाऊ, ही वीट आहे. दुसरं काही नाही."

"हा ना," तो म्हणाला. "ईटच शे. मी कोठे काय म्हननू?"

सरांनी मध्यम मार्ग काढला. अशा माणसांना तो लगेच सापडतो. बाईचा हेतू चांगला, पण प्रयोगशाळेत नको. आवारात झाडलोटीला द्यावं, इथे दुसरी बघावी. प्रेमचंद पटकन म्हणाला की मन्ही भाची शे, शिकेल शे, इंग्रजी लेबल बी वाचस.

मी वाट बघत होतो हे कधी निघतंय याची.

"दुसरी नको," गायत्री म्हणाली. "सर, दुसरी आली तर तिला घास म्हणून सांगावं लागेल. यांना घासू नका म्हणून सांगायचं आहे. ते सोपं आहे."

मला ते सोपं वाटलं नाही. सरांनी महिनाभर बघू म्हटलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, तुमच्या शब्दावर."

"तो दिलेला आहे," मी म्हणालो. "पुन्हा देत नाही, परतही घेत नाही."

गायत्रीने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही आणि ते बरोबरच केलं. नवे खल आणले. एकात नुसता माल कुटला. दुसऱ्यात भुरीबाईच्या पुडीतली चिमूट टाकून कुटला. दोन्ही एकाच भट्टीत, एकाच तापाला ठेवले. मग बाटल्या भरून भुरीबाईच्याच हाती गच्चीवर पाठवल्या. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. प्रेमचंद जिन्याशी उभा होता, वाटेत ती काही करते का ते बघायला. म्हणून मी त्याच्यापाशी उभा राहिलो, तो काही करतो का ते बघायला.

दुपार उतरली तोवर एक बाटली नितळ झाली, विटेची निळी राहिली. भुरीबाई दोन्हींपुढे बराच वेळ बसली होती.

"इतलीशी ईट," ती म्हणाली. "आन पानी आयकत नही."

जळगावचा निकाल आला तोही तसाच. विटेविना कुटलेल्या मालात सगळी पहिली तऱ्हा.

आता भांडी अशी धुतात. भुरीबाई साबणाने धुते. मग गायत्री हातमोजे घालून आम्लाचं पाणी फिरवते. मग भुरीबाई दोनदा साध्या पाण्याने, एकदा गाळलेल्या पाण्याने. घासायचं नाही. ती ऐकते, पण तिला पटलेलं नाही. आम्लाने थर जातो हे तिने पाहिलं आहे. तरी माझ्याकडे खल धरून म्हणते, "आप्पा, हाई धोयेल शे का? हाताले काही लागनंच नही. हाई पाप शे." तिच्या घरची भांडी मात्र विटेनेच निघतात. ती मी पाहिली आहेत.

महिना झाला, सर विसरले. ती आहे.

परवा कापसाच्या कामाने शहाद्याला गेलो, तेव्हा सकाळी कॉलेजात डोकावलो. भुरीबाई यायची वेळ होती. प्रेमचंद दाराजवळच्या टेबलाशी बसला होता. ती आली, पण मोरीकडे गेली नाही. त्याच्या टेबलापुढे उभी राहिली आणि पदराची गाठ सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. खोलीची किल्ली, तंबाखूची पुडी, चुरगळलेलं एक तिकीट. एकेक वस्तू तिने टेबलावर वेगवेगळी ठेवली. मग रिकामा पदर त्याच्यापुढे झटकला.

"रोज असंच करस ही," प्रेमचंद मला म्हणाला. कान लाल झाले होते. "मावशी, ऱ्हाऊ दे ना आते. मी काय म्हनस का?"

"देखी लिधं?"

"अरे, काय देखानं शे त्यामा?"

ती हलली नाही. मागे दोन पोरी वह्या घेऊन आत जायला थांबल्या होत्या. तीही थांबली.

"देखी लिधं का?"

"देखं," प्रेमचंद म्हणाला.

मग तिने किल्ली, पुडी, तिकीट उचललं, गाठ मारली आणि मोरीकडे गेली.